नळ बंद करणारा हात

धुळ्यात आमचा गाद्या भरण्याचा धंदा. कापूस पिंजला की तंतू नखांत, कोपराला, कानामागे चिकटतात, आणि नमाजेआधी हात, तोंड, पाय धुतात त्या वुजूत तर पाणी सगळीकडे पोचायला हवं. नव्वद सालच्या आसपास, पंचविशीत, मला शंकेनं धरलं. एखादा तंतू राहिला असेल, त्याखाली कातडी कोरडी असेल, मग नमाज कसली? तीनदा धुवायचं तिथं मी तीसदा धुवायचो. थंडीत हात फुटून रक्त यायचं आणि रक्त आलं की वुजू तुटतो, म्हणून पुन्हा वुजू. मोहल्ला म्हणायचा, काय परहेजगार, धर्माला जपणारा पोरगा! त्या कौतुकाची मला आजही चीड येते.

अब्बा गेले. जनाज्याच्या नमाजेला रांगा लागल्या. मोठा भाऊ नळापाशी येऊन ओरडला, "अरे चल, सगळे थांबलेत!" मी म्हटलं, "एवढी टाच राहिली." टाच झाली, मग कोपर. शेवटी माझ्याशिवाय नमाज झाली. भावानं तेव्हापासून बोलणं टाकलं. त्याचं काय चुकलं?

महिन्याभरानं अम्मीनं मला जळगावला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे धाडलं. ते म्हणाले, "तीनदा धुवा आणि उठा. शंका येईल, येऊ द्या. तिला उत्तर देऊ नका, हळूहळू तिचा जोर ओसरतो." मला रागच आला. ज्यानं जन्मात वुजू केला नाही, तो मला शिकवणार! परतताना एसटी एरंडोलला बंद पडली. असरची, दुपारनंतरच्या नमाजेची वेळ झालेली. जवळच्या मशिदीत नळावर बसलो आणि पुन्हा तेच सुरू झालं. एक म्हातारे मौलाना बघत होते. त्यांनी काही न विचारता हात लांबवून नळ बंद केला. मी रडत सगळं सांगितलं, डॉक्टरांचं बोलणंही.

"डॉक्टर खरं सांगस, बेटा," ते म्हणाले. "शंकानं वुजू तुटत नही. तुन्हा व्हयी गया. आते ऊठ."

उठलो. कोपर कोरडं आहे असं मन ओरडत होतं. तसाच जमिनीला कपाळ टेकवून सजदा केला. बरा व्हायला पुढं दोन वर्षं लागली, पण सुरुवात तिथं झाली. गाडी नेमकी तिथंच का बंद पडली, यावर मी वाद घालत नाही. अल्लाहचा शुक्र रोज मानतो. आणि रोज हेही विचारतो, की या अल्लाह, हा नळ बंद करणारा माणूस महिनाभर आधी, अब्बांच्या वेळी, का नाही धाडलास? उत्तराशिवायच कपाळ टेकवतो.