खिशाचा गाऊन

मला शिकायला घरात कुणी अडवलं नाही. सासूबाई फक्त हसल्या.

"पोट्टे सांभाळाचं कालेज? बाप्पा! उद्या म्हणशीन, पोळ्या लाटाचंबी कालेज निंगालं."

हे बोलताना त्यांच्या मांडीवर एक पोर होतं आणि दुसरं पाठीवर चढून त्यांचा अंबाडा सोडत होतं. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पाळणाघर चालवते. सकाळी आया कामावर जाताना लेकरं ठेवून जातात, संध्याकाळी घेऊन जातात. मधला सगळा दिवस रडणं, हसणं, सांडणं आणि पुसणं. मला हे काम मनापासून आवडतं. सासूबाईंनाही आवडतं, फक्त त्या कबूल करत नाहीत.

"हातच्या काकणाले आरसा कायले पाह्यजे वं? लेकरं तुयाजवळ खुश हाय. मंग आता का शिकाचं राह्यलं?"

राहिलं होतं ना. माझ्याकडे एक मुलगा यायचा, तिसरं लागलं तरी बोलायचा नाही. त्याची आई रोज विचारायची, काकू, हा बोलेल ना? मी रोज म्हणायचे, बोलेल हो. पुढे तो बोलला, आणि इतका बोलला की आमचे कान किटले. पण मी अंदाजानं ठोकून दिलं होतं हे माझं मला माहीत होतं. पुढच्या आईला अंदाज सांगायचा नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. म्हणून सक्करदऱ्याजवळच्या एका संस्थेत बालसंगोपनाचा कोर्स आहे असं कळलं तेव्हा मी इस्त्रीची साडी नेसून चौकशीला गेले.

तिथे मी जे केलं ते फक्त पाळणाघरवालीच करू शकते. ऑफिसातल्या मॅडमनी टेबलावर संत्रं सोलून ठेवलं होतं. त्या मला वेळापत्रक समजावत होत्या आणि मी मान डोलवत होते. थोड्या वेळानं बघते तर माझ्या हातात संत्र्याची फोड. मी तिची साल काढून, बिया वेचून ती मॅडमपुढे ठेवत होते. आधीच्या कितीतरी तशाच ठेवल्या असाव्यात, कारण मॅडमही बोलता बोलता एकेक खात होत्या. आम्हा दोघींना एकदमच कळलं. मी लाजेनं अर्धी झाले. मॅडम मात्र एवढ्या हसल्या की शिपाई डोकावून गेला. "कागद घेऊन या," त्या म्हणाल्या. "शनिवारी प्रवेश बंद होतोय, चुकवू नका."

दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट ट्रंकेत तळाला सापडल्या, फोटोही काढून झाला. नवऱ्यानं न सांगता नवी वही आणली, आणि एका पोरानं तिच्या पहिल्याच पानावर लाल खडूनं गोल काढून माझा अभ्यास सुरू करून दिला. अडचण एकच होती. वर्ग दुपारचा होता, नेमका लेकरांच्या झोपेच्या वेळी. तेवढा वेळ सासूबाई बसणार होत्या. बाकीची लेकरं कुणाच्याही मांडीवर लुढकतात, पण एक दीड वर्षाची पोरगी होती, बँकेत काम करणाऱ्या बाईंची. ती माझ्याशिवाय झोपायची नाही. नुसती माझ्याशिवाय नाही, माझ्या गाऊनशिवाय.

तो गाऊन म्हणजे गांधीबागेतून घेतलेला जांभळा, मोठ्या फुलांचा, कोपरावर विटलेला, आणि त्याला हा एवढा खिसा. खिशात माझा रुमाल आणि कुणी रडलं तर तोंडात घालायला गुळाचा खडा. पोरगी त्या खिशात मूठ घालायची आणि मगच डोळे मिटायची. सासूबाईंना त्या गाऊनचा भारी राग. त्या जन्मभर लुगड्यातल्या. "मोठ्या बाईनं झबलं घालून फिरावं काय? गल्लीतले लोक का म्हणतीन?" मी गाऊनवर फाटकापर्यंत गेले तरी त्या आतून ओरडायच्या.

पोरीच्या आईनं स्पष्ट सांगितलं होतं. "काकू, तुम्ही शिकताय याचा मला आनंदच आहे. पण ही रोज रडून रडून झोपली, तर मला दुसरीकडे बघावं लागेल." तिचं काय चुकलं? मीही मनाशी ठरवलं, माझ्या शिक्षणापायी एक लेकरू रोज रडणार असेल तर यंदा नाही जायचं. शुक्रवारपर्यंत जमलं तर शनिवारी प्रवेश, नाहीतर वही पोरांना चित्रं काढायला.

बुधवारी पहिली परीक्षा झाली. मी वर्गाला निघाल्यासारखी साडी नेसून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी उभी राहिले. तिथपर्यंत पोरीचा आवाज आला. दुकानदार म्हणाला, "कोन्या घरचं लेकरू रडून राहिलं वो?" मी धावत परत आले. सासूबाई घामाघूम होऊन तिला खांद्यावर घेऊन फिरत होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी तिला माझ्या हातात दिलं. "माहे स्वतःचे पाच वाढवले मी," एवढंच बोलल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना लागलं होतं. मलाही लागलं होतं. त्या रात्री मी मार्कलिस्ट पुन्हा ट्रंकेत ठेवल्या.

शुक्रवारी दुपारी सासूबाईच मला म्हणाल्या, "जाय वं. एकडाव अजून पाहू."

"आई, राहू द्या. उगाच लेकराले रडवाचं."

"तू जाय म्हनलं ना! आन धावत येजो नको."

या वेळी मी शेजारणीच्या जिन्यावर बसले. कान आमच्या खिडकीकडे. आवाज नाही. जीव भांड्यात पडला. मग थोडा रागच आला, खोटं कशाला बोलू? एवढी माझी लाडकी, आणि माझ्यासाठी दोन आसवं नाहीत? मग मात्र धास्ती वाटली. आमच्या धंद्यात रडण्याला कुणी भीत नाही. लेकरं गप्प झाली की समजायचं, कुणीतरी पिठाच्या डब्यात उतरलं आहे. मी उठले आणि चोरासारखी खिडकीशी गेले.

सासूबाई सतरंजीवर आडव्या होत्या. त्यांच्या अंगात माझा जांभळा गाऊन होता. लुगड्यावरूनच चढवलेला, त्यामुळे सगळीकडून फुगलेला, आणि कमरेपाशी कासोट्यावर असा अडकलेला की आता कात्रीशिवाय निघतो की नाही अशी शंका यावी. पोरगी त्यांच्या कुशीत झोपली होती, मूठ खिशात.

मला हसू आवरेना. त्यांनी डोळे वटारून बोट ओठांवर ठेवलं.

"हास नको," त्या कुजबुजल्या. "पोट्टी उठीन."

मी पदर तोंडात कोंबला आणि परत जिन्यावर जाऊन बसले. तिथे बसून आधी खूप हसले आणि मग रडले.

शनिवारी प्रवेशाला रांग होती. अर्ज भरून, सह्या करून, वर्गाची खोली एकदा डोळे भरून बघून निघाले तोवर संध्याकाळ झाली. आमच्या गल्लीत वळले आणि थबकले. फाटकाशी आया जमल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर, भर रस्त्यावर, सगळ्या गल्लीच्या देखत सासूबाई माझ्या गाऊनमध्ये उभ्या होत्या. बँकेतल्या बाईंची पोरगी कडेवर होती.

"येऊनच राहिली," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "कालेजात नाव टाकाले गेली हाय माही सून. आता दुपारचे लेकरं माह्याजवळ."

समोरच्या आजी तोंडाला पदर लावून बघत होत्या. सासूबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी दिसताच त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं, आई."

त्यांनी खिशात हात घातला, गुळाचा खडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"आ कर," त्या म्हणाल्या.

आणि मी, सगळ्या आयांच्या समोर, रोज लेकरांना सांगते तसाच, मोठा आ केला.