कोरड्या विहिरीतली हाक

अजून मागून कुणी नावाने हाक मारली, की ती घटना आठवते आणि मी मान वळवायला जरा वेळ लावतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे. मी चौलच्या बाजूला फौजदार होतो. तिथे रानात फिरंगी अमलातल्या एका शेतघराचे अवशेष होते: जोते, खळे, गोठ्याच्या पडक्या भिंती. सरकारने संरक्षित म्हणून पाटी ठोकली आणि गावातल्याच एकाला पहारेकरी नेमले. बाकी कुणी दिवसाही तिकडे फिरकत नसे. जागा वाईट, एवढेच सांगत.

एका सकाळी पोलीस पाटील ठाण्यात आला. पहारेकरी कालपासून बेपत्ता होता. पाटलाने हळूच त्याच्या शेजाऱ्याचे नाव घेतले. तिथल्या दगडांवरून दोघांचे वाजले होते. पंच घेऊन गेलो, तर शेजाऱ्याच्या गोठ्यात जुन्या घडीव फरश्या नुकत्याच बसवलेल्या. मला खुनाचाच संशय आला.

चौकशीत तो गप्प होता. जागेवर चल म्हणताच मात्र त्याने माझे पाय धरले. चोर मला पुष्कळ घाबरले आहेत. हा मला घाबरत नव्हता.

"सायेब, तिकडं नका नेऊ. काल तिथनं हाक येत व्हती. वयनीचं नाव घेऊन."

वहिनी म्हणजे पहारेकऱ्याची बायको. तिला विचारले.

"मी पन ऐकली," ती म्हणाली. "दुपारची भाकर घेऊन गेलते. आमचं मानूस कदी माझं नाव घेत न्हाय. मंग ते दुसरंच कायतरी. ओ दिली आसती तर मला नेलं आसतं. भाकर टाकून पलाले."

ती हाक खरोखर त्याचीच असली तर? मी शेजाऱ्याकडे वळलो. "फरश्या कुठून काढल्यास?"

"कोरड्या विहिरीच्या तोंडावरनं," तो पुटपुटला. "कुनाला दिसू नये म्हनून वर झावळ्या टाकल्या व्हत्या."

आम्ही धावत सुटलो. झावळ्या मधोमध खचल्या होत्या. काठावर पालथा पडून मी पहारेकऱ्याला नावाने हाक मारली. पुन्हा मारली. खाली काळोख, आवाज नाही. हवालदाराने टोपी काढली. माझाही धीर सुटला.

मागून पहारेकऱ्याची बायको आली. ती काठाशी वाकली आणि म्हणाली, "अवो..."

खालून लगेच आले, "ओ."

पाय मोडला होता, पण माणूस जिवंत होता. वर काढल्यावर मी विचारले, माझ्या हाकेला ओ का दिली नाहीस?

"वळखीचा आवाज न्हाय, सायेब. आन नाव घेऊन बोलवतंय. त्या जागी कसा बोलनार?"

शेजाऱ्यावर गुन्हा दाखल केला. पण नवराबायकोच्या भीतीचे काय करायचे, ते कुठल्या कलमात नव्हते. तिने त्याला ओ दिली नाही, त्याने मला दिली नाही, आणि एवढ्यावरून एक माणूस जाणार होता. त्यानंतर कुणी गप्प बसले, की मी आधी विचारायचो, बाबा, तुला भीती कशाची वाटते?