कुंपणापाशी फेकलेले चेंडू

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुलगी अधूनमधून विचारायची, "बाबा, ग्राउंडवर जायचं एकदम का बंद केलंत?" कधी मी गुडघ्याचं कारण पुढे केलं, कधी थंडीचं. तिने मानलं, निदान तसं दाखवलं. पण इथल्या मराठी मंडळींत त्या मुलाचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी म्हणतं, "हात चांगला होता हो, पण ऐन वेळी कच खायचा." हे वाक्य माझ्यापासून सुरू झालं. ते खोटं आहे. मी ते बोललो तेव्हाही मला ते खोटं असल्याचं माहीत होतं.

मी अमरावतीला शाळेत खेळाचा शिक्षक होतो. माझा खेळ सॉफ्टबॉल. आमच्या शाळेच्या मुलींनी बरीच मैदानं मारली आणि त्या जोरावर गावात मला मान होता. बायको गेल्यावर मुलीने मला इकडे आयर्लंडला, ओंगार नावाच्या उपनगरात आणलं. ती आणि जावई दोघंही आयटीत, दिवसभर आपापल्या खोलीत मीटिंगांना बसलेले. बाहेर सगळी घरं एका साच्यातली. पहिल्या वर्षी मी दोनदा दुसऱ्याच घराच्या दाराला किल्ली लावली.

तो मुलगा मला इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत भेटला. अकोल्याचा, इथे एमएस करायला आलेला. मी खेळाचा मास्तर होतो हे कुणीतरी त्याला सांगितलं आणि तो ताट हातात घेऊनच माझ्यासमोर उभा राहिला.

"सर, आमच्या कॉलेजची बेसबॉलची टीम आहे. कोच नाही. याल का?"

"मी सॉफ्टबॉलवाला रे."

"एकच तं आहे सर. थोडाफार फरक. येते नं तुम्हाला?"

"न यायला काय झालं?" मी म्हणालो.

फरक थोडाफार नाही. सॉफ्टबॉलमध्ये पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, हात खालून फिरतो. माझ्या मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या राहत. बेसबॉलमध्ये हात खांद्यावरून जातो आणि सगळा झटका खांद्यावर, कोपरावर बसतो. तो हात मोजून वापरायचा असतो. हे मला ऐकून माहीत होतं. कधी शिकवलं नव्हतं.

टीम म्हणजे हौशी मामला. बहुतेक आयरिश पोरं, शिकायला आलेले एकदोन अमेरिकन. मैदान वाऱ्याच्या तोंडावर. मे महिन्यातही मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून बसायचो. पोरं मला 'बॉस' म्हणायची. एकटा तो 'सर' म्हणायचा. बाकीच्यांना काही सांगितलं की ते सरळ म्हणत, "आज नको बॉस, हात गेलाय." तो तसं कधी म्हणाला नाही. काहीही सांगा, त्याचं उत्तर एकच, "होते नं सर."

आमचा सुरुवातीचा पिचर कॉर्क शहरचा होता. उंच, शांत. सामना सात इनिंगचा असायचा आणि चौथ्या-पाचव्या इनिंगपर्यंत तो समोरच्यांना हलू देत नसे. त्यानंतर त्याचा हात थके आणि दुसऱ्याला उभं करावं लागे. मिळालेली आघाडी त्या दुसऱ्याने टिकवायची असते. आमची बोंब नेमकी तिथे होती. एकाचा चेंडू बॅटरच्या डोक्यावरून जायचा, दुसऱ्याचा त्याच्या पायाशी पडायचा. उरला आमचा अकोलेकर. सरावात त्याचा चेंडू सणसणीत यायचा. म्हणून मी ठरवलं, शेवटच्या इनिंग त्याच्याच.

आणि सॉफ्टबॉलमध्ये जी पद्धत वापरायचो तीच मी इथे लावली. बदली पिचर कायम तयार पाहिजे. इथल्या थंडीत हात आखडेल ही वर आणखी एक भीती. कुंपणाला एक जुनी रबरी चटई बांधली होती, तिच्यावर मी त्याला दुसऱ्या इनिंगपासूनच फेकायला लावायचो. इकडे सामना चालू, आणि तिकडे कुंपणापाशी धप्, धप्, धप्. थांबला की मी हात हलवून खुणावायचो, चालू दे. कधीकधी त्याला आत आणायची वेळ सहाव्या इनिंगला यायची. तोवर त्याचा एक अख्खा सामना चटईवरच फेकून झालेला असायचा.

एकदा मुलगी मला घ्यायला लवकर आली आणि गाडीला टेकून बघत राहिली.

"बाबा, तो केव्हाचा फेकतोय. दमणार नाही का?"

"तुला खेळातलं काय कळतं?"

"खेळातलं नाही कळत. खांद्यातलं कळतं. बघा ना, प्रत्येक बॉलनंतर हात झटकतोय."

तो हात झटकतो हे मी तिच्याआधी पाहिलं होतं.

आम्ही हरत गेलो, आणि दर वेळी तसेच हरलो. पाचव्या इनिंगला पुढे, सातव्याला मागे. तो आत यायचा तेव्हा त्याचे पहिले दोन-चार चेंडू बरे पडत, मग एकेक सैल. समोरच्या टीमची पोरं तो मैदानात चालत येताना ओरडायची, "आली रे फायर ब्रिगेड! पेट्रोल घेऊन आली!" आमचीही काही पोरं हसायची. तोही हसायचा. संध्याकाळी बसस्टॉपवर मला म्हणायचा, "पुढच्या वेळी होते सर. यांच्यात बसायची माझी हीच एक जागा आहे. ही काही मी सोडत नाही." घरी आईला फोनवर तो फक्त टीमबद्दलच बोलतो, असंही त्याने एकदा सांगितलं होतं.

सीझनचा शेवटचा साखळी सामना जिंकलो असतो तर आम्ही फायनलला जात होतो. पाचवी इनिंग संपली तेव्हा तीन रनांची आघाडी होती. कॉर्कच्या मुलाने मान हलवून मला सांगितलं, आता नाही. मी कुंपणाकडे पाहिलं. तो कोपर पोटाशी धरून उभा होता. मी बघतोय हे लक्षात येताच त्याने हात सोडला आणि चेंडू उचलला.

"जमेल?" मी ओरडलो.

"होते नं सर."

आमच्याकडे सरांना नाही म्हणत नाहीत. मला ते पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मी विचारलं.

पुढचं लांबवत नाही. बॅटर एकही फटका न मारता चालत बेसवर जाऊ लागले, इतके त्याचे चेंडू बाहेर. मग एक मधोमध पडला, हळू आणि सरळ, आणि तो कुंपणाबाहेर गेला. आमचा कॅप्टनच कॅचर होता, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. त्याने दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. मी हललो नाही. दुसरं होतंच कोण?

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत सगळे खाली मान घालून बसले होते. कॅप्टनने मला बाजूला घेतलं, पण खोली लहान होती.

"बॉस, एक विचारू? त्याचा चेंडू माझ्या हातात मेल्यासारखा येत होता. तो तिथे फार वेळ फेकतो का? आधीच थकतो का?"

पोराने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. हो म्हणालो असतो तर सगळ्या सीझनचा हिशेब माझ्या नावावर आला असता, आणि या म्हाताऱ्याला बेसबॉल येत नाही हेही सगळ्यांना कळलं असतं.

"हाताचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "त्याच्या मनातच दम नाही. दडपण आलं की कच खातो. आमच्याकडची काही पोरं असतात तशी."

दारात तो उभा होता. मैदानातले चेंडू गोळा करून पिशवी आणली होती, डाव्या हातात. त्याने ती भिंतीशी ठेवली, कलंडू नये म्हणून पायाने सरळ केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी सर."

तो मला सॉरी म्हणाला.

त्यानंतर तो टीममध्ये आला नाही. "यूअर मॅन कुठाय?" असं, म्हणजे 'तो कुठाय' असं इथल्या बोलीत, पोरांनी थोडे दिवस विचारलं, मग तेही बंद झालं. मीही दुसऱ्या वर्षी गेलो नाही. मंडळात कुणी त्याच्याबद्दल विचारलं की तिथेही मी तेच कच खाण्याचं वाक्य पुढे केलं. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमध्ये त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, असं मुलीला कुणाकडून तरी कळलं. जेवताना तिने ते सांगितलं आणि वर माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून तो माझ्या घरात आहे. मागच्या अंगणाला लाकडी कुंपण आहे. दुपारी चहा घेऊन उभा राहिलो की तिथे कुणीतरी हात उचलतं. हात वर जातो आणि वरच राहतो. वॉशिंग मशीनमध्ये जड कपडे आपटतात, मी दुसऱ्या खोलीत जातो. शेजारची मुलं भिंतीवर चेंडू मारतात, मी खिडकी लावून घेतो. जावई म्हणतो, बाबांना हल्ली आवाज सहन होत नाही.

एकदाच भेट झाली. गणपतीत, मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. तो येणार आहे हे मला आधी कळलं होतं आणि बसमध्ये मी काय बोलायचं ते मनात जुळवत गेलो होतो. तो प्रसाद वाटायला बसला होता. उजव्या हाताने शिरा देत होता आणि डाव्या हाताने उजव्याचं कोपर खालून धरलं होतं. माझ्यापुढच्या बाई म्हणाल्या, "किती अदबीने देतो बघा, संस्कार लागतात त्याला." अदब नव्हती ती. आधाराशिवाय तो हात तेवढाही उचलला जात नव्हता.

माझी पाळी आली. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच तो उठला, वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. जन्मभराची सवय. माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून निघालं, "सुखी राहा."

ज्याची माफी मागायची त्याला मी आशीर्वाद देऊन बसलो.

"बरे आहात नं सर?"

"बरा आहे."

"काका, जरा पुढे सरकता का?" मागून कुणी म्हणालं, आणि मी सरकलो. पुढच्या वर्षी तो नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेला. कुठे, ते मी विचारलं नाही.

बसमध्ये जुळवलेलं होतं ते असं: तू कमी पडला नाहीस. तुला आत बोलवायच्या आधीच मी तुला संपवत होतो, कारण मला तो खेळ येत नव्हता आणि ते सांगायची लाज वाटत होती. तुझा हात दुखतोय हे मला दिसत होतं. त्या खोलीत सगळ्यांसमोर मी तुझ्याबद्दल खोटं बोललो. मला माफ कर बाळा.