अंगणातल्या विहिरीचं पाणी

दिवाळीला बहिणीला माहेरी आणायला जो भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. त्या वर्षी कॉलेजातून सुट्टीवर आलो आणि किन्हीराजाहून बैलगाडी घेऊन मीच केनवडला, बहिणीच्या सासरी, गेलो. लहान बहिणीचं लग्न होऊन तिची ही पहिलीच दिवाळी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून तिथे माझा मान राहील असं आईला वाटत होतं. मला मात्र त्या घरात तोंड उघडायचाही धीर होत नसे.

रात्री पान वाढलं. वरणात पाणी वेगळं आणि डाळ वेगळी. दाणा दाताखाली कचकन आला. बहिणीची सासू समोर बसून माझ्याकडेच बघत होती.

"कसं झालं वरन, भाऊ?"

"चांगलं आहे, मावशी."

"खोटं कायले बोलता? लग्न झाल्यापासून हेच खाऊन राह्यलो आमी. कपडे धुते तं पापडावानी कडक. हंडा घासते तं आतून पांढराच. न्या तिले. शिकली का मंग सांगावा धाडीन."

बहीण चुलीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही. आमच्या आळीत एक बाई माहेरी अशाच सांगाव्याची वाट बघत म्हातारी झालेली होती. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी अंगणात आंघोळीला बसलो. विहीर नवी होती. लग्न झालं आणि आठच दिवसांत विहिरीला पाणी लागलं. तेव्हा सून लक्ष्मीच्या पावलांनी आली, असं सगळं गाव म्हणालं होतं. बहिणीचे सासरे स्वतः पोहरा ओढून माझ्या बादलीत पाणी ओतत होते. "खडक फोडून काढलं, पाव्हणे. घरच्या बाया आता नदीवर जात नाईत," ते म्हणाले.

मी साबण लावला. फेस येईना. अंगावर फाटलेल्या दुधासारखे कण राहिले. क्षार असलेल्या जड पाण्याचा हा प्रयोग मी कॉलेजात काचेच्या नळीत पाहिला होता, आणि परीक्षेपुरता लक्षात ठेवला होता.

सासरे आत गेल्यावर बहीण माझं ओलं धोतर न्यायला आली. मी हळूच म्हणालो, "अगं, खोट तुझ्या हातात नाही. या पाण्यात..."

"मले माईत हाये, भाऊ. एकदा नदीची घागर आनली होती. डाळ लोन्यावानी शिजली."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सासूबाईनं घागर पाह्यली अन् नदीच बंद केली. दारात विहीर असून बाहेरचं पानी आनते, लोक काय म्हनतीन, म्हने. मामंजीचा जीव हाये त्या विहिरीत. तिले नाव ठेवनारी सून घरात राहीन काय? तू काई बोलू नको."

मी आत गेलो. सासू बहिणीचं गाठोडं बांधत होती, आणि त्यात तिची सगळी लुगडी घालत होती. चार दिवसांच्या दिवाळीला सगळी लुगडी लागत नाहीत. मी काय बोलणार हे मलाच ठाऊक नव्हतं. तोंडून निघालं ते असं: "मावशी, तुमच्या हातचं वरण खाऊन निघतो."

सासूचा चेहरा खुलला. सून आल्यापासून तिने चूल सोडली होती. म्हणजे या विहिरीच्या पाण्यावर तिने कधी रांधलंच नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं, पण लगेच दुसरी भीती उभी राहिली. जुन्या हाताची बाई ही. तिची डाळ शिजली तर? मग बहिणीच्या बाजूने बोलायला काहीच उरणार नव्हतं. बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

डाळ उकळू लागली. सासूने दाणा बोटांत दाबून पाहिला. जाळ वाढवला. पुन्हा पाहिला. उन्हं ओसरीवरून उतरली. सासऱ्यांनी दोनदा दारातून विचारलं, "जेवन हाये का उपास?"

"पापडखार दे वं चिमटीभर," सासू म्हणाली.

खार पडला की या पाण्यातही डाळ मऊ होणार.

"खार सरला, सासूबाई. पापड केले तवाच सरला."

खरंच सरला होता का, मी आजवर विचारलेलं नाही.

शेवटी पानं मांडली. सासऱ्यांनी घास घेतला आणि थांबले. "आजबी तेच? हे कोनाच्या हातचं?"

"माह्याच हातचं," सासू म्हणाली.

सासऱ्यांनी एकदा दारातून विहिरीकडे पाहिलं. मग खाली बघून पानातलं सगळं संपवलं. सासूने भात वाढता वाढता सांगून टाकलं, "औंदाची डाळच वंगाळ निघाली."

निघताना ती गाठोडं घेऊन गाडीपाशी आली. गाठोडं सकाळपेक्षा लहान होतं. "भाऊबीज झाली का आनून घाला," ती मला म्हणाली. मग बहिणीला, "येतानी माहेरची पायलीभर डाळ घेऊन येजो वं."

गाडी नदीपाशी आली तेव्हा बहीण उतरली, ओंजळीने पाणी प्यायली, तोंड धुतलं.

"आपली डाळ तरी त्या पाण्यात कुठे शिजणार?" मी म्हणालो.

"नाई शिजनार," ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "पन तेबी शिजली नाई का सासूबाईबी चुलीपाशी बसतीन. पाहू, आमच्या दोघीत पयले घागर घेऊन नदीवर कोन जाते."