मी मॅडमची दाई नाही, आई आहे

गेल्या आठवड्यात रायपूरला परत गेले. परत म्हणजे, ज्या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही असं सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं, त्याच गावाला... हसायचं ते आधीच हसून घ्या.

पहिल्यांदा गेले तेव्हा छत्तीसगड राज्य नुकतंच झालेलं, राजधानी नवी नवी होती. बघावं तिकडं खोदलेलं, धूळ, आणि वाळत घातलेल्या साडीवर कारखान्याची काळी भुकटी. स्टेशनावर ऑटोवाल्यानं विचारलं, "कोन पारा, दीदी?" मला वाटलं माझा पारा चढलाय म्हणून चेष्टा करतोय. असा झाडला त्याला... नंतर कळलं, तिकडं मोहल्ल्याला पारा म्हणतात.

माझी सोनल तिथं सिलतऱ्याला, लोखंडाच्या कारखान्यात ऑफिसात नोकरी करते. कुम्हारपाऱ्यात भाड्याच्या खोलीत एकटी राहते. माझं दर फोनला एकच, सोड ती नोकरी आणि मिरजेला ये. शेवटी कंटाळून म्हणाली, "आई, एकदा परत येऊन बघ. तरी नको वाटलं तर देते राजीनामा." मी लगेच तिकीट काढलं. राजीनामा घेऊनच यायचं ठरवलं होतं.

सकाळी ती कामावर गेली आणि मी खोलीत. मला बसायची सवय नाही. मिरजेत माझी खानावळ आहे, उठल्यापासून हात चालू असतो. ओटा पुसला, परत पुसला, डबे काढले, परत लावले... जीव कुठं रमेना. भाजी तरी आणावी म्हणून निघाले. मोबाईल चार्जिंगलाच राहिला.

येताना गल्ली चुकले. सगळ्या गल्ल्या सारख्या, दारोदारी मडकी वाळत ठेवलेली. डोक्यावर ऊन. जिच्याकडून भाजी घेतली तिच्याच पुढून मी फिरून फिरून जात होते. शेवटी तिनंच हाक मारली. माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "तैं मराठी मैडम के दाई अस का?"

मराठी मॅडम म्हणजे आमची सोनल. पण माझं डोकं सणकलं. आपल्याकडं दाई म्हणजे बाळंतपण करणारी, दुसऱ्याची पोरं सांभाळणारी. साडी साधी होती म्हणून काय झालं? म्हटलं, "मैं दाई नहीं, आई है उसकी. आई."

ती म्हणाली, "हव, दाई." हव म्हणजे हो, एवढं मला माहीत होतं.

मी म्हटलं, "दाई नहीं." ती परत, "हव, हव." आणि वर हसते.

बाईनं शेजारणीला भाजीकडं बघायला सांगितलं, माझी पिशवी उचलली आणि चालायला लागली. मी मागून बडबडत. बघते तर आमचंच दार. घरमालकीण काकू बाहेरच उभ्या. त्या गोंदियाच्या, मराठी नागपूरकडची. "काहून फिरून राहिल्या हो एवढ्या उन्हात?"

मी तक्रार सांगितली, ही मला दाई म्हणते. काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अवो, इकडे आईलेच दाई म्हणतात."

मी भाजीवालीच्या हातातून पिशवी घेतली.

मग ती भाजीवाली भराभरा काहीतरी सांगायला लागली आणि काकू मला मराठीत सांगत होत्या. पावसाळ्यात सोनलला ताप आला होता. काकू तेव्हा गोंदियाला. सोनल भाजी न्यायला दिसेना, म्हणून ही चौकशी करत आली. दुकान बंद करून उशाशी बसली, तांदळाची पेज करून पाजली.

"दाई दूरिहा हे, त महीं बइठ गेंव," ती म्हणाली. आई लांब आहे, म्हणून मीच बसले.

आमचा रोज फोन होतो. तापाचं मला एका शब्दानं माहीत नव्हतं. पोरगी आजारी होती हे मला रायपूरच्या भाजीवालीकडून कळलं... राग कुणाचा करायचा तेच समजेना. चहा टाकला आणि भाजीवालीला बस म्हटलं. तिला घाई होती, उभ्या उभ्याच प्याली.

संध्याकाळी सोनल आली. आधी तापावरून पोटभर शिव्या खाल्ल्या. मग खांद्यावरची पर्सही न काढता तिनं विचारलं, "मग... देऊ राजीनामा?" तोंड एवढंसं झालेलं.

मी म्हटलं, "हातपाय धू. भाकरी गार होतेय." तिला कळलं, राजीनामा नको. माझीच पोर ती.

शहर आवडलं वगैरे काही नाही. धूळ तशीच, साडीवर भुकटी तशीच. पण निघताना ऑटो त्या भाजीवालीपाशी थांबवला. बोलायचं खूप होतं, माझी हिंदी पुरेना. सोनलच्या खोलीकडं बोट दाखवलं, मग भाजीवालीकडंच बोट करून म्हटलं, "दाई."

ती म्हणाली, "हव."

या वेळी मी वाद घातला नाही.