वहिनीने धाडलेला डबा

प्रार्थना कुणी ऐकतं का, हा प्रश्न मला आमच्या रत्नागिरीच्या बाजारात पडला. माझा मोठा भाऊ, योसेफदादा, सकाळी बांगडे घ्यायला गेला होता. एक तरुण कोयता घेऊन गर्दीत शिरला आणि दिसेल त्याच्यावर वार करत सुटला. का, ते अजून कुणाला कळलेलं नाही. दादासकट तिघे गेले. तसा मी आमच्या ख्रिस्ती मंडळीतला नावाजलेला थापाड्या. माझ्या गळाला लागलेला मासा भाट्याच्या पुलाएवढा असतो, नि मी शिंकलो की पार पाली गावातल्या दुकानदारांची वजनं हलतात. पण त्या दिवशी जे घडलं, त्यात भर घालायला मला जागाच सापडली नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. मंडळीतल्या बाया जेवण पोचवतात. या वेळी पाळकसाहेबांनी सांगितलं, तिन्ही घरी डबे जातील, धर्म कुठलाही असो. दादाच्या घरी तर इतकं पिठलं आलं की त्यात होडी घालावी. वहिनी मात्र घास तोंडात घेत नव्हती. तिसऱ्या दुपारी तिने एक डबा माझ्यापुढे सरकवला.

"भावोजी, हा त्याच्या आईला नेऊन द्या."

"कुणाच्या?"

"ज्याने मारलं त्याच्या. तिची तरी चूल पेटली असेल का? कोण जातंय तिच्याकडे!"

"वहिनी, मी तो समुद्रात टाकीन."

"टाका. पण आधी तिला विचारून टाका."

निघालो. वाटभर प्रभूशी भांडलो. म्हटलं, दादाला वाचवायला तुला सवड नव्हती, नि पिठलं पोचवायला मी हवा? उत्तर आलं नाही. म्हातारीला काय काय ऐकवायचं, ते मनात रचत गेलो. सगळं बोललो असतो तर तिच्या घरावरची कौलं उडाली असती.

तिच्या दारावर कुणीतरी शेण फेकलं होतं. ती चिऱ्याच्या पायरीवर बसली होती. पावलं ऐकून म्हणाली, "दगड मारायला आलास काय? मार, बाबा. पन लवकर मार."

माझ्या तोंडून "मी योसेफचा भाऊ," एवढंच निघालं. "वहिनीने जेवण दिलंय."

ती डब्याला हात लावीना. "तुमचा घास माज्या गल्याखाली कसा उतरंल?" म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तू जेवलास काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. दादा गेल्यापासून पाण्यावर होतो. आलेल्यांना वाढण्याच्या घाईत ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती भिंतीला धरून उठली, आतून ताटली आणली, डब्यातला पिठलं-भात कालवून माझ्यापुढे ठेवला. मी जेवलो. मग तीही दोन घास जेवली.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं, "टाकलात?"

"नाही. जेवलो. तिने वाढलं."

वहिनीने पातेल्यातला थंड भात हातानेच घेतला नि खाल्ला, आणि मोठमोठ्याने रडली.

त्या तरुणाला मी क्षमा केलेली नाही. उपासनेत 'आम्ही क्षमा करतो' म्हणायच्या ओळीपाशी माझे ओठ मिटतात. प्रभूला म्हणतो, हे माझ्याने उचलवत नाही, तूच घे. तो घेतो की नाही, ठाऊक नाही. पण जेवलास काय, असं मला विचारलं गेलं, आणि तेही त्या दारात. त्याबद्दल प्रभूचे आभार मानतो. दुसरं काही हातात नाही.