खाणीकडच्या लेलेबाई

लेलेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते बिल्डरच्या ऑफिसात. विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीचे फ्लॅट तेव्हा विकले जात होते. मागच्या अंगाला दगडाची पडीक खाण, म्हणून सगळे पुढच्या बाजूसाठी हुज्जत घालत होते. पांढऱ्या केसांच्या या बाई मात्र शांतपणे मागचाच फ्लॅट मागत होत्या.

"मॅडम, तिकडे काही व्ह्यू नाही," ऑफिसातला माणूस म्हणाला.

"तुम्हाला नसेल," बाई म्हणाल्या.

बाईंनी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर नारायण पेठेतलं घर विकून त्या इथे आल्या, केवळ खाणीचा शेजार मिळावा म्हणून. खाण व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. बराकी आणि पूल बांधायला साहेबानं इथून काळा दगड काढला, पुढे काम बंद पडलं आणि बाभळी माजल्या. आम्हाला तो एक खड्डा वाटे. पण बाईंसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "खड्डे रस्त्यावर असतात. त्यासाठी पुण्यात इतक्या लांब यावं लागत नाही," असं लगेच ऐकावं लागे.

रविवारी सकाळी त्या मला खाली घेऊन जात. मी अमरावतीहून आलेला, शेजारी नवा. नाही म्हणायला अजून शिकलो नव्हतो. कातळात ओळीनं पाडलेली भोकं, अर्धवट सुटलेली एक प्रचंड शिळा, रुळाचा गंजका तुकडा आणि कोपऱ्यात छप्पर उडालेली, जाड भिंतींची खोली. तिच्यात सुरुंगाची दारू ठेवत.

"ही भोकं साहेबानं पाडलेली नाहीत. साहेब छत्रीखाली उभा होता," बाई सांगत आणि मला एका भोकात बोट घालायला लावत. "घाला हो, चावत नाही." आत छिन्नीच्या खुणा अजून बोटाला लागत.

खाणीची जमीन गावातल्या अण्णांची. एका वर्षी त्यांनी राडारोडा टाकून ती बुजवायचं आणि पार्किंग करायचं ठरवलं. सोसायटी खूश झाली. सभेत बाई एवढंच म्हणाल्या, "अण्णा, त्याआधी एकदा माझ्याबरोबर खाली या."

"बाई, खाली काय हाय? दगुड."

"तोच दाखवायचाय."

अण्णा आले. आम्ही तिघं उतरलो, आणि दारूच्या खोलीपाशी बाईंचा पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. मी मदत आणायला वर धावलो. अण्णा त्यांच्याजवळ बसून राहिले. रुग्णवाहिका रस्ता चुकली, स्ट्रेचर खाली न्यायला वाट सापडेना. बराच वेळ गेला. माणसं घेऊन परत आलो तर बाई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं खोलीच्या भिंतीला टेकलेल्या, डोक्यामागे अण्णांचं उपरणं, आणि खाणीचा इतिहास चालू.

अण्णा मान खाली घालून म्हणत होते, "आमची पणजी दुष्काळात हितंच दगुड फोडायला यायची म्हनं. पर आमी कुनाला सांगत न्हाई."

"सांगा की," बाई म्हणाल्या. "लाजायचं तर त्या छत्रीवाल्यानं."

रुग्णवाहिकेत त्यांनी दात आवळून माझा हात घट्ट धरला होता. जरा कळ ओसरल्यावर म्हणाल्या, "विद्यार्थ्याला उठून जाता येत नाही असा तास उभ्या नोकरीत मिळाला नव्हता हो."

राडारोड्याचे डंपर आलेच नाहीत. सोसायटीच्या अध्यक्षांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "ती बाई पाय मोडला तरी बोलायची थांबली न्हाई. तिच्यासमोर कसं बुजवू?"

बाईंना पुन्हा खाली उतरता आलं नाही. त्या काठी घेऊन खिडकीशी बसत. अण्णा खाणीतून चमकदार स्फटिक शोधून आणत आणि बाई त्यांचं कौतुक करायच्या आधी हातोडा कसा चुकीचा मारला ते सांगत. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. अण्णा दहाव्याला आले होते.

परवा एका सकाळी खाणीत गर्दी दिसली म्हणून मी उतरलो. कॉलेजची पोरं आली होती आणि मधोमध अण्णा उभे. "ह्यो दगुड फोडणाऱ्यांत माझी पणजी व्हती. सरस्वती नाव तिचं," ते मोठ्यानं सांगत होते. एक जण मोबाईल वर धरून कुरकुरला, "अंकल, इथे रेंजच नाही."

अण्णांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "रेंज न्हाई," ते म्हणाले. "डोळं आनल्यात न्हवं?"

भाषा अण्णांची होती. तिरकसपणा मात्र थेट नारायण पेठेतला.